अथेन्सची स्त्री: उंबरठ्याआड की वेदीपाशी?

#थ्रेड

१/ प्राचीन ग्रीकांच्या दैनंदिन जीवनाविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येते: अथेन्सची स्त्री उंबरठ्याआड राहत असे. त्याला आधारही भक्कम आहे. इ.स.पू. ४३१ च्या हिवाळ्यात युद्धात पडलेल्यांना श्रद्धांजली वाहताना पेरिक्लीसने विधवांना उपदेश केला. पुरुषांमध्ये जिची बरीवाईट कसलीच चर्चा होत नाही ती स्त्री धन्य, असा त्याचा आशय थ्युसिडिडीसने नोंदवला आहे.

२/ पण स्त्रिया कशा असाव्यात असे एका सत्ताधारी पुरुषाला वाटत होते, एवढेच या उपदेशावरून सिद्ध होते. त्याच नगरातील शिलालेख आणि न्यायालयीन भाषणे वाचली, की स्त्रिया पदांवर, उत्सवांत आणि बाजारात दिसू लागतात.

३/ अक्रोपोलिसवरील अथेना नाइकी या देवीच्या पुजारिणीविषयीचा ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे. पुजारीण सर्व अथेनियन स्त्रियांमधून निवडावी आणि तिला सार्वजनिक बळींचे पाय व कातडी मिळावीत, असे नागरिकसभेने ठरवले. तिचे वार्षिक वेतन ५० द्राख्मा होते. पाचव्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची रोजची मजुरी साधारण १ द्राख्मा होती.

४/ नगररक्षक अथेनाचे पुजारीपद मात्र एका जुन्या कुळाकडे वंशपरंपरेने होते. लायसिमाखी या पुजारिणीने ते ६४ वर्षे सांभाळले. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस गाभाऱ्यात शिरू लागला, तेव्हा पुजारिणीने आसनावरून उठून त्याला परत जाण्यास बजावले, असे हेरोडोटस सांगतो. राजाने ऐकले नाही. पुढे त्याला नगर सोडावे लागले.

५/ शरद ऋतूत, पेरणीच्या तोंडावर, थेस्मोफोरियाचा उत्सव येई. नागरिकांच्या विवाहित स्त्रिया डिमीटर देवीच्या या तीन दिवसांच्या विधींसाठी एकत्र जमत. पुरुषांना तेथे मज्जाव होता आणि प्रमुखपदही स्त्रियांकडेच असे. सबंध नगराचे पीक ज्या विधीवर अवलंबून मानले जाई, तो स्त्रियांच्या हाती होता.

६/ गरीब घरांना तर उंबरठ्याआड राहणे परवडतच नव्हते. डेमोस्थेनिसच्या नावावरील एका भाषणात नागरिकत्व गमावलेला एक माणूस आपली बाजू मांडतो. त्याची आई बाजारात फिती विकते आणि पूर्वी दाईचे काम करत होती, हे विरोधकांनी त्याच्याविरुद्ध वापरले होते. गरिबी हा गुन्हा नाही, असा त्याच्या उत्तराचा रोख आहे.

७/ मग ही स्त्री स्वतंत्र होती काय? नव्हती. तिला मत नव्हते, नागरिकसभेत जागा नव्हती. न्यायालयात तिच्या वतीने पुरुष पालकच उभा राही. इ.स.पू. ४५१ च्या कायद्याने मुलाला नागरिक ठरण्यासाठी आईही अथेनियन असणे आवश्यक केले. नागरिकत्व तिच्यातून वाहत होते, पण सत्तेत तिला वाटा नव्हता. दासींच्या वाट्याला तर एवढेही नव्हते.

८/ हा विरोधाभास एका घटनेत स्वच्छ दिसतो. हार्मोडियसच्या बहिणीला मिरवणुकीत टोपली वाहण्यासाठी बोलावले आणि ती अपात्र ठरवून परत पाठवले. हा अपमान इ.स.पू. ५१४ मध्ये हिप्पार्कसच्या हत्येला कारण झाला. मिरवणुकीतील तिचे स्थान एवढे मोलाचे होते! पुढे हार्मोडियस आणि ॲरिस्टोगायटन यांचे पुतळे बाजारचौकात उभे राहिले. बहिणीचे नावही थ्युसिडिडीस देत नाही.

९/ म्हणून ‘कोंडलेली स्त्री’ हे चित्र जितके अपुरे, तितकाच ‘देवीच्या नगरात स्त्रीला मान होता’ हा निष्कर्षही भाबडा ठरतो. धर्माने तिला पद, वेतन आणि घराबाहेरचा वावर दिला, ही वस्तुस्थिती आहे. त्या पदाचे अधिकारात रूपांतर झाले नाही, हीदेखील वस्तुस्थितीच आहे.

१०/ पेरिक्लीसचा उपदेश पाठ्यपुस्तकांत राहावाच. मात्र त्याच पानावर नाइकीच्या पुजारिणीचे ५० द्राख्मा आणि फिती विकणारी आईही असावी. ज्यांच्याविषयी कोणी बोलू नये असे वाटले, त्यांच्याविषयी आता तरी बोलणे हे इतिहासकाराचे काम आहे.

(समाप्त)