सेनापतींचे चेहरे आणि रयतेची प्रेते

सतराव्या शतकातील युरोपीय सेनापतींची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली व्यक्तिचित्रे आजही संग्रहालयांतून कौतुकाने मांडली जातात. अंगात चिलखत, हाती अधिकारदंड, खाली लॅटिन बिरुदावली! कारागिरी अप्रतिम आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो या चित्रांनाच इतिहासाची साक्ष मानण्याविषयी.

अँटवर्पचे चित्रकार व्हॅन डाइक यांच्या १६३० च्या दशकातील व्यक्तिचित्रमालिकेत टिली आहे आणि वालेनस्टाइनही आहे. तीस वर्षांच्या युद्धातील (१६१८-१६४८) सम्राटपक्षाचे हे दोन सेनानी. टिलीच्या फौजेने मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर लुटले. आगीत आणि कत्तलीत सुमारे २०,००० माणसे मेली. वालेनस्टाइनची फौज मुलुखावर बसवलेल्या खंडणीवर पोसली गेली. मग त्या भव्य चित्रांत हे जळालेले शहर, ही नागवलेली खेडी कोठे आहेत? चेहरा तेवढा अमर झाला. त्याची किंमत मोजणारे मात्र चौकटीबाहेर राहिले.

यावर विद्वानांचे ठरलेले उत्तर असते : त्या काळाची दृष्टीच तशी होती, आजचे निकष तिला लावू नका. हे उत्तर खोटे आहे. लॉरेनच्या जाक कालो याने १६३३ मध्ये, त्याच तांब्यावर, युद्धाच्या यातनांची १८ चित्रांची मालिका कोरली. तीत शेतकऱ्याचे घर लुटणारे सैनिक आहेत, झाडाला रांगेने लटकलेली प्रेते आहेत, आणि सूड घेणारे शेतकरीही आहेत. तेव्हा दृष्टी होती. प्रश्न होता तो ती कोणाकडे वळवायची, याचा.

कालोलाही आम्ही डोक्यावर घेऊन नाचणार नाही. शेतकऱ्यांच्या सूडानंतरच्या शेवटच्या चित्रात राजा सिंहासनावर बसून आपल्या योद्ध्यांना बक्षिसे वाटतो! इतके पाहिलेल्या माणसालाही अखेरचा न्याय सिंहासनाच्याच हाती सोपवावासा वाटला. सत्तेची मगरमिठी अशी असते.

म्हणूनच, मित्रहो, सेनापतीचे चित्र पाहाल तेव्हा त्याच्या मुद्रेवरचे तेज मोजत बसू नका. त्याची फौज कोणाच्या धान्यावर जगली, हे विचारा. ज्यांचे चित्र कोणी कोरले नाही, त्यांचा इतिहास लिहिण्याचे काम अजून शिल्लक आहे.