शिक्का बघावा की हात?

सभासद बंधूंनो, केमिस्ट नेमायचा म्हटले की पहिला सवाल येतो, "पदवी कुठली, कानपूरची की मांजरीची?" कानपूरची संस्था १९३६ ची, मांजरीची १९७५ ची. दोन्ही नामांकित, तिथल्या शिक्षणाची किंमत आम्ही जाणतो. पण पॅनमध्ये दाणा धरताना नुसते प्रमाणपत्र कामी येत नाही. लाख टन गाळपात उतारा ०.१ टक्का घसरला, तर हजार क्विंटल साखर कमी भरते, नि झळ आपल्याच ऊसदराला लागते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच: शिक्का बघा, पण आधी उमेदवाराला एक पाळी पॅनवर नि प्रयोगशाळेत उभा करा. वशिला तर नकोच. बैल घेताना आपण नुसता बाजार विचारत नाही. औताला जुंपून बघतो.