मुलगी शिकून काय करणार?

परवा वस्तीतील एका गृहस्थांनी आम्हाला वाटेत गाठले. “भाऊ, पोरगी बारावी झाली. आता बी.एस्सी. करायचं म्हणते. उद्या लग्न होऊन जाणार, मग एवढं शिकून काय उपयोग?” घाईत उत्तर देता आले नाही, म्हणून येथे देत आहोत.

हाच प्रश्न १९६० च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जोन स्टाइट्झ या तरुणीला ऐकावा लागला. पीएच.डी.साठी त्या एका नामवंत प्राध्यापकांकडे गेल्या. ते म्हणाले, तुम्ही बाई आहात, लग्न कराल, मुले होतील, मग ही पदवी काय कामाची? बाहेर येऊन त्या रडल्या. पण मागे हटल्या नाहीत. दुसऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळवून त्या पीएच.डी. झाल्या.

पुढे त्यांनी काय शोधले, ते आम्ही कारकुनी भाषेत सांगतो. पेशीच्या केंद्रकातील डीएनए म्हणजे मूळ दप्तर. ते बाहेर जात नाही. त्याची नक्कल निघते, ती आरएनए. तिच्यावरून प्रथिने बनतात. मात्र नकलेत मध्येमध्ये बिनकामाचा मजकूर असतो. तो कापून उरलेले तुकडे जोडावे लागतात, हे १९७७ मध्ये कळले. पण हे काम करतो कोण?

ल्यूपस नावाच्या आजारात रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये, स्वतःच्याच पेशींवर उलटतात. येल विद्यापीठात स्टाइट्झबाई व त्यांचे विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी रुग्णांची हीच प्रतिपिंडे वापरून केंद्रकातील बारीक कण पकडले. त्यांत छोटे आरएनए आणि प्रथिने एकत्र होती. कापाकापीत या कणांचा हात असावा, असे त्यांनी १९८० मध्ये मांडले आणि ते खरे ठरले. कोठे कापायचे ती खूण छोटा आरएनए ओळखतो, प्रथिने त्याला साथ देतात.

हे दूरचे वाटेल, पण तसे नाही. नकलेतील खूण बिघडली की कापणी चुकते. भारतात सर्वाधिक आढळणारा बीटा थॅलेसेमियाचा दोष याच जातीचा आहे. थॅलेसेमिया मेजर झालेल्या लेकरांना वरचेवर रक्त चढवावे लागते, हे रक्तपेढीच्या रांगेत उभे राहिलेल्या आईबापांना ठाऊक आहे.

स्टाइट्झबाईंचे लग्न झाले, मुलगाही झाला. संशोधन सुटले नाही. २०१८ मध्ये त्यांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

तेव्हा दादा, मुलीचा फॉर्म भरा. शिष्यवृत्तीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. अर्ज भरायला आम्ही बसू.