पीएम ई-बस योजनेत यवतमाळ का नाही?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी पीएम ई-बस सेवा मंजूर केली. १० हजार बस, एकूण खर्च ५७,६१३ कोटी, त्यातले २० हजार कोटी केंद्राचे. अमरावती आणि अकोला लोकसंख्येच्या अटीत बसतात, यवतमाळ नाही.

अट आहे २०११ च्या जनगणनेत किमान ३ लाख लोकसंख्येची. केंद्रशासित प्रदेश आणि डोंगरी, ईशान्येकडील राज्यांच्या राजधान्यांना सूट आहे. यवतमाळची नोंद साधारण १ लाख १६ हजार. पुढे वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर, भोसा ही गावे नगरपरिषदेत आली, पण आकडा जुनाच राहिला. अर्थात, ती धरूनही ३ लाख भरतील का, हा वेगळा प्रश्न.

फटका कोणाला? धुणीभांडी करायला शहरात येणाऱ्या बाईला आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्या मजुराला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. ऑटोत ती सवलत नाही!

मग पैसा कुठून? मानव विकास कार्यक्रमात राज्याने १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेणाऱ्या एसटी बससाठी निधी दिला. तिथे निकष मागासलेपणाचा होता, शहराच्या आकाराचा नव्हता. त्याच धर्तीवर जिल्हा नियोजन समितीकडे मागणी करता येईल. पण आधी कुठल्या वस्तीतून किती लोक, किती वाजता निघतात याचा आराखडा हवा. लहान नगरपरिषदेकडे परिवहन विभागच नसतो, त्यामुळे पहिली मागणी बसची नव्हे, त्या सर्वेक्षणाच्या खर्चाची करावी लागेल.