टाळांचा आनंद आणि पंगतीचा प्रश्न

आषाढ जवळ आला की आमच्या काही पुरोगामी मित्रांना एकाच वाक्याची उबळ येते : ‘पोटाला नाही आणि माणसे नाचत निघाली !’ या वाक्यात जनतेविषयीची कळकळ कमी आणि तुच्छता अधिक आहे, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट. वर्षभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी करणारी साठीची बाई तेथे पदर खोचून फुगडी घालते, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळते. घरात मोठ्याने हसण्याचीही जिला मुभा नाही, तिचे शरीर एवढे दिवस तरी तिचे स्वतःचे असते. श्रमिकांच्या श्रमाचा कैवार घ्यायचा आणि त्यांच्या आनंदाकडे मात्र संशयाने पाहायचे, हा कोणता समाजवाद ?

परंतु या आनंदाकडे बोट दाखवून ‘समता तर आलीच आहे’ असे म्हणणारेही तितकीच दिशाभूल करतात. दिंडीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, हे खरे. पण इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवून ठेवले आहे, की त्यांच्या दिंडीत भजन एकत्र होई, जेवण मात्र ब्राह्मणांचे वेगळे आणि मराठ्यांचे वेगळे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्या दारातून दलितांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाची अखेरची मोहोर उमटली ती २०१४ साली. टाळांच्या गजराने कोणतेही दार आपोआप उघडलेले नाही.

म्हणून कीर्तन टाकून द्यायचे काय ? गाडगेबाबांनी ते टाकले नाही. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी कीर्तनातूनच सांगितले. आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

कार्यकर्त्यांनी वारीत जावे, जमल्यास हाती टाळ घ्यावा, पायांना ठेका सापडला तर लाजू नये. मात्र मुक्कामी चुली पेटल्या की प्रश्न विचारावा : दिवसभर ज्याच्या पायांवर डोके ठेवले, त्याचे पान आपल्या पंगतीत आहे काय ? जो सोबत नाचला आहे, त्यालाच हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.