पन्नाशीतली अंगणवाडी

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग नोकरदार बाईविषयी करायचं ठरलं, तेव्हा बैठकीत पहिली यादी झाली ती उद्योजिका, सनदी अधिकारी आणि बँकांच्या प्रमुखांची. नावं मोठीच आहेत, अंकात आहेतही. पण बायकांच्या नेतृत्वाची चर्चा दर वेळी वरच्या मजल्यावरूनच का सुरू व्हावी? राज्यात लाखाहून अधिक कामाची ठिकाणं अशी आहेत, जिथली प्रमुख बाई आणि तिच्या हाताखालीही बाईच. आम्ही अंगणवाड्यांविषयी बोलतो आहोत.

२ ऑक्टोबर २०२५ला, अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेला पन्नास वर्षं पूर्ण झाली. तिचं बीज त्याहून जुनं, आपल्याच मातीतलं. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा सरळ हिशेब.

आजच्या सेविकेची सकाळ पाहा. मदतनीस वस्तीतून पोरं गोळा करून आणते, खिचडीकडे बघते. सेविका एकेकाला वजनकाट्यावर घेते, उंची मोजते, दंडाचा घेर तपासते. गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाचे निरोप तिच्याकडेच. मग सगळं मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. रेंज नसेल तर फोन घेऊन टेकाड चढायचं. वर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. २०२४मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरायलाही तीच बसली होती. एवढं नियोजन, एवढी माणसं सांभाळणाऱ्याला कंपनीत केबिन मिळते.

इथे मिळतं मानधन. दिवाळीला बोनस नाही. सरकारकडून भाऊबीज भेट, दोन हजार रुपये. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये मान्य केला, तोही खटला लढल्यावर. सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा अजून नाहीच. या बायका गप्प बसलेल्या नाहीत. २०२१मध्ये त्यांनी निकृष्ट मोबाईल सरकारला परत केले, डिसेंबर २०२३मध्ये सुरू केलेला संप दीड महिन्याहून जास्त चालवला. खेडोपाडी विखुरलेल्या, तुटपुंज्या कमाईच्या हजारो बायकांना इतके दिवस एकत्र ठेवणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

मुलं सांभाळणं बाईला उपजतच येतं, त्याचे पैसे कसले, ही समजूत माजघरापासून मंत्रालयापर्यंत एकच आहे. तिचा फटका वरच्या मजल्यालाही बसतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. जिथे ती कागदावरच राहते, तिथे आई झालेली हुशार मुलगी बढतीला नकार देते आणि साहेब म्हणतात, हिला पुढे जायचंच नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. संचालक मंडळावर बायका हव्यातच. पण सेविका-मदतनिसांना वेतनश्रेणी, पेन्शन आणि बढतीची वाट आधी द्या. बालसंगोपनाला कामाचा दर्जा आणि दाम मिळाला, तर कचेरीतल्या आईची वाटही मोकळी होईल. निवडणुकीत मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला वाचकांनी हा प्रश्न विचारावा.



— संपादक