अडत्याची पट्टी आणि दोन जाहीरनामे

नोव्हेंबर 2024 मध्ये एके दिवशी भाऊ बाजार समितीतून थेट अमरावतीतल्या राजापेठेला माझ्या घरी आला. शर्टाच्या खिशात सोयाबीन विकल्याची अडत्याची पट्टी होती. भातकुली तालुक्यात, खारपाणपट्ट्यात त्याचं पाच एकर शेत आहे. त्या वर्षी एकरी चार क्विंटल सोयाबीन झालं. ते वीस क्विंटल हर्रासात क्विंटलला 4,100 रुपयांनी गेलं. केंद्रानं 2024 च्या त्या हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव 4,892 रुपये होता.

"सरकारी खरेदी केंद्रावर का नाही नेलंस?" मी विचारलं.

"ताई, ओलावा जास्त म्हून तिथून वापस पाठवलं तं ट्रॅक्टरचं भाडं दोनदा कोन देईन? हरभरा पेराचा हाये. बियाण्याले पैसे आज लागतात, महिन्यानं मिळून काय करू?"

त्याच्यासमोर टेबलावर माझी कात्रणं पसरली होती. बुधवारी, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. दोन्ही आघाड्यांची आश्वासनं शेजारी शेजारी मांडून मी या सदरासाठी टिपणं काढत होते. भावानं पट्टी त्या कात्रणांवर ठेवली आणि माझ्या टिपणांची दिशाच बदलली.

आधी आश्वासनं पाहू. सत्तेतली महायुती म्हणत होती, लाडकी बहीण योजनेत महिलांना दरमहा मिळणाऱ्या 1,500 चे 2,100 करू, शेतकऱ्यांना कर्जमाफी देऊ, शेतकरी सन्मान निधी वर्षाला 12,000 वरून 15,000 वर नेऊ आणि हमीभावावर 20 टक्के अनुदान देऊ. विरोधातली महाविकास आघाडी म्हणत होती, महालक्ष्मी योजनेत महिलांना दरमहा 3,000 आणि मोफत एसटी प्रवास देऊ, तीन लाखांपर्यंतचं कर्ज माफ करू, नियमित फेडणाऱ्यांना 50,000 रुपये प्रोत्साहनपर देऊ, 25 लाखांचा आरोग्य विमा आणि बेरोजगार तरुणांना महिना 4,000 देऊ. सोयाबीनसाठी भाजपच्या प्रचारात 6,000 रुपयांचा भाव सांगितला जात होता, काँग्रेसच्या प्रचारात 7,000 आणि वर बोनस. अचलपूरचे बच्चू कडू परिवर्तन महाशक्ती या तिसऱ्या आघाडीत होते, अकोल्याचे प्रकाश आंबेडकर वंचित बहुजन आघाडीचा वेगळा पर्याय देत होते. म्हणजे वऱ्हाडातल्या मतदारापुढं निवड दोनांतूनच करायची होती असंही नाही.

आता हे भावाच्या घराला लावून पाहू. माझ्या वहिनीला लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतचे 7,500 तिच्या खात्यात आले. त्यातून तिनं पोराची फी भरली, स्वतःचे डोळे तपासून चष्मा केला. या पैशांना कुणी खैरात म्हटलं की मला राग येतो. शेतात दिवसभर निंदण करणाऱ्या बाईच्या हातात तिच्या नावाचा पैसा येणं ही मोठी गोष्ट आहे. वर्षाचे ते 18,000 होतात. पण हमीभाव आणि हर्रास यांच्यातला फरक क्विंटलमागे 792 रुपये, म्हणजे वीस क्विंटलला 15,840. वहिनीच्या खात्यात वर्षभरात जे येणार, ते जवळपास सगळं भावाच्या काट्यावर एका दुपारी गेलं.

पुढचं गणितही करून पाहिलं. 2,100 झाले तर वर्षाला 25,200 येतील, 3,000 झाले तर 36,000. तेच सोयाबीन 6,000 नं खरंच विकलं गेलं, तर या हर्रासापेक्षा 38,000 जास्त मिळतील आणि 7,000 नं गेलं तर 58,000. म्हणजे दोन्ही जाहीरनाम्यांत या घरासाठी सगळ्यात मोठं आश्वासन पिकाच्या भावाचं आहे. आणि तेच सगळ्यात कच्चं आहे.

कच्चं का, हे समजून घ्यायला हवं. महिलांचा पैसा पोचवायला आधार जोडलेलं बँक खातं लागतं. ती व्यवस्था तयार होती. म्हणून जूनच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये पैसे आले. भाव द्यायचा तर सरकारला स्वतः काट्यापाशी उभं राहावं लागतं. सोंगणी सुरू होण्याआधी केंद्र उघडावं लागतं, बारदाना लागतो, गोदाम लागतं, पीकपेऱ्याची नोंदणी लागते, ओलावा मोजणारा माणूस लागतो आणि चुकारा वेळेवर लागतो. ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के करण्याचा निर्णय केंद्रानं 15 नोव्हेंबर 2024 ला घेतला. निर्णय चांगला होता. पण हरभऱ्याच्या पेरणीसाठी ज्यांनी आपला माल आधीच काढून टाकला, त्यांच्यासाठी तो उशिरा आला.

सरकार काट्यापाशी कधी उभंच राहिलं नाही असं नाही. 1972 साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. आमचे बाबा कापसाची बैलगाडी घेऊन संकलन केंद्राच्या रांगेत रात्र काढायचे. गाडीखाली कंदील, अंगावर घोंगडी. ग्रेडवरून वाद व्हायचे, चुकाऱ्याला उशीर व्हायचा. योजना तोट्यात गेली आणि शेवटी गुंडाळली गेली. तिच्यात दोष होते, पण आपला माल घ्यायला कुणीतरी बांधील आहे एवढं बाबांना माहीत असायचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं याच मातीत 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा घराघरात नेली. चार दशकांनंतरही माझा भाऊ तेच मागतो आहे.

कर्जमाफीचंही असंच. तिची रक्कम मोठ्या अक्षरात असते, अट खाली बारीक. 2008 च्या केंद्राच्या माफीत पूर्ण लाभ दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना होता. कोरडवाहू विदर्भात शेत मोठं आणि उत्पन्न थोडं, त्यामुळे खरे अडचणीतले कितीतरी शेतकरी त्या रेषेपलीकडे राहिले. 2017 च्या माफीला दीड लाखांची मर्यादा होती, 2019 च्या माफीला दोन लाखांची. 2024 च्या या निवडणुकीत एक बाजू तीन लाख म्हणत होती, दुसरी आकडा न सांगता माफी म्हणत होती. कोणत्या तारखेपर्यंतचं कर्ज, पीककर्ज की मध्यम मुदतीचंही, हे मतदानाआधीच विचारायला हवं होतं.

पैशाचाही प्रश्न आहे. 1,500 रुपयांप्रमाणे लाडकी बहीण योजनेचा वर्षाचा अंदाजित खर्च तेव्हा 46,000 कोटी होता. त्याच हिशोबानं 2,100 ला सुमारे 64,000 कोटी लागतील आणि 3,000 ला 92,000 कोटी. हे पैसे द्यावेतच, पण ते कोणत्या खर्चातून वळवणार हे दोघांनीही आम्हाला सांगावं. कारण आमच्याकडे पाण्याचं काम अर्धवट पडलं आहे. सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीनं 1984 मध्ये मोजून दाखवला होता. त्यावर लक्ष ठेवायला 1994 मध्ये विदर्भ वैधानिक विकास मंडळ आलं. 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. त्यानंतर दोन्ही आघाड्यांनी राज्य केलं आणि 2024 पर्यंत मंडळ पुन्हा उभं राहिलं नाही. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. 426 किलोमीटरचा कालवा आणि 80,000 कोटींवर खर्च. ज्या गावात बोअरला खारं पाणी लागतं, तिथं गोड्या पाण्याचा कालवा म्हणजे रब्बीची शाश्वती. त्याला दरवर्षी किती निधी देणार, हे मला कोणत्याच जाहीरनाम्यात ठळक अक्षरात दिसलं नाही.

म्हणून जाहीरनामा वाचताना आकड्यापाशी थांबू नका. राजापेठेच्या चौकात प्रचाराची गाडी थांबली, उमेदवार दारात आला, की आदरानं चार गोष्टी विचारा. माल कोण घेणार? कोणत्या तारखेपासून? माझ्या गावापासून किती अंतरावर? चुकारा किती दिवसांत? ज्याच्याकडे या चारही प्रश्नांची उत्तरं असतील, त्याच्याकडे धोरण आहे. बाकीच्यांकडे आज तरी फक्त आकडा आहे.

चहा घेऊन भाऊ गावाकडे जायला निघाला. "पट्टी राहू दे माझ्याकडे," मी म्हटलं.

"कायले वं?"

"पुढच्या दिवाळीला पुन्हा सोयाबीन विकशील, तेव्हा ती पट्टीही आणून दे."

तो हो म्हणाला. 4,100 चा तो कागद मी दोन्ही जाहीरनाम्यांच्या कात्रणांसोबत टाचून ठेवला आहे. सरकार कुणाचंही येवो, पुढची पट्टी हाती आली की याच सदरात दोन्ही शेजारी ठेवून वाचून दाखवीन.